शनिवारचा मुक्काम

प्रिय ड्रायव्हर,

पत्र बघून दचकू नकोस. मी अजून आहे आणि माझा साहेबही आहे. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण आपल्या वयात पाकिटावर ओळखीचं अक्षर दिसलं की माणूस ते फोडायच्या आधी बसायला खुर्ची शोधतो. अक्षर वाकडंतिकडं आलंय, चालवून घे. शाळा माझी सातवीतच सुटली, आणि आता हातही थरथरतो. फोन करणार होतो, पण डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याचा भरवसा राहिला नाही. अर्धवट ऐकून मी उरलेलं मनाने जुळवतो आणि ते नेहमी वाईटच जुळतं.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या घराला जिना आहे का, हे मला कधीपासून विचारायचंय. असेल तर कठडा दोन्ही बाजूंनी बसवून घे. तू म्हणशील, झालं याचं सुरू. पण काळजी करायला आमच्या घरी पूर्वी दोघं होतो. बायको गेल्यापासून सगळं खातं माझ्याकडे आलंय. दुकान बंद केलं. मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलंय. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, असलं किरकोळ काम येतं. गिऱ्हाईक विचारतं, "टेलर, कधी देणार?" मी म्हणतो, "देईन हो, तुमचं पोट वाढायच्या आत." तेवढा एक विनोद शिल्लक आहे, तोही गिऱ्हाइकांना आता पाठ झालाय.

सध्या मी आमच्या पोराचेच, साहेबाचेच कपडे शिवतोय. एकदम बरेच शिवायचे आहेत. तयार कपडा त्याला कधी बसलाच नाही. मान रुंद, हात आखूड, पोट पुढे. आपल्या पाचही घरांतल्या मुलांचे कपडे मीच शिवायचो, आठवतं ना? वरून नुसती दिसायला बटणं आणि आत चिकटपट्टी, म्हणजे मुलांना आपले आपण घालता यावेत. तुझी ठमी ती पट्टी दिवसभर फर्रर करून उघडायची आणि परत लावायची. तू तिला बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलंस की प्रवासी घाबरून विचारायचे, गाडीत काही फाटलंय का. आणि तू गंभीर चेहरा करून सांगायचास, "हो, पण ब्रेक चांगले आहेत."

आपली ओळख झाली त्या दिवशीही तू असाच बोलला होतास. हॉस्पिटलचा तो लांब व्हरांडा, हृदयाच्या डॉक्टरांचं दार, बाकावर पाच बाया, मांडीवर पाच बाळं, आणि आपण पाच बाप भिंतीला टेकून एकमेकांकडे न बघता उभे. बाळं मात्र अशी एकसारखी की एकाच घरातली वाटावीत. डाउन सिंड्रोम हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि विसरायला नको म्हणून लिहून घेतला, तोही चुकीचा. ठमी रडायला लागली, तिचं ऐकून साहेब रडायला लागला, आणि तू मला म्हणालास, "तुमच्या गाडीलाही हाच हॉर्न का हो?" कोणी हसलं नाही. मग आपल्या पाचांतला कंपाउंडर हसला, मास्तरही हसले, आणि आपण सगळेच इतके हसलो की नर्स दटावायला बाहेर आली. त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं: ही मुलं विशीच्या पुढे सहसा जात नाहीत, जेवढी आहेत तेवढे दिवस आनंदात ठेवा. आपण ते खरं धरलं. आपलं पुढचं सगळं त्याच हिशोबावर उभं राहिलं.

केंद्र त्या बाकावरूनच सुरू झालं. आधी कंपाउंडरच्या दवाखान्यामागची खोली, मग वाचनालयाच्या तळमजल्यावरची जागा. सकाळी व्यायाम, मग गाणी, मग काम. माझ्या ओळखीच्या धोब्याकडचे हँगर पुसून एका मापाचे एकत्र लावायचे, छापखान्याची पाकिटं चिकटवायची. मास्तरांच्या बायकोने भावंडांची वेगळी बैठक सुरू केली, कारण घरातलं धडधाकट मूल कोणाला दिसतच नाही, असं ती म्हणायची. आणि तुझी कल्पना म्हणजे मुक्काम. तू म्हणालास, डेपोत एक बस बंद पडली की दुसरी तयार उभी असते. आपल्या पोरांना मात्र आईबाप ही एकच गाडी, ती बंद पडली की पोरं रस्त्यावर. म्हणून दर शनिवारी मुलांनी दुसऱ्याच्या घरी झोपायला जायचं. आपल्याशिवाय जेवायची, आपल्याशिवाय झोपायची सवय लागली पाहिजे. आणि पाचांतलं जे घर शेवटी उरेल, त्याने सगळ्यांना सांभाळायचं. लेखी काही नव्हतं. कोणाला तशी गरजही वाटली नाही.

पहिल्या मुक्कामाला साहेब तुमच्याकडे आला. रविवारी मी इतक्या लवकर तुमच्या दाराशी आलो की वहिनी म्हणाल्या, "भावजी, दूधवाला तरी येऊ द्यायचा." आणि साहेब तुझी ड्रायव्हरची टोपी घालून टेबलाशी बसलेला, यायलाच तयार नाही. तसाच ठमीचा आमच्याकडचा थाट. ती सकाळी दुकानात माझ्या शेजारी स्टुलावर बसायची आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची, "उभा राहा. पोट आत." लोक मुकाट्याने पोट आत घ्यायचे. मला मापं घ्यायला तेवढा तिचा उपयोग होता, आणि माझ्या बायकोला तर शनिवार उजाडला की बाकी काही सुचायचं नाही.

ठमी गेली तेव्हा ती डॉक्टरांनी सांगितलेल्या वयाच्या आसपासच होती. आपण तयारी केलेलं मरण तेच होतं, तरी तयारी कुठे कामाला आली? पुढच्या शनिवारी साहेब पिशवी भरून दाराशी उभा राहिला. मी त्याला कसं समजवावं या विचारात असताना वहिनीच आल्या. दारातूनच म्हणाल्या, "भावजी, आता साहेबाला पाठवू नका. त्याच्याकडे बघवणार नाही मला." मी हो म्हणालो. अजूनही हो म्हणेन. तुम्ही शहर सोडून गेलात तेही बरोबरच केलंत. हे मी कधी बोललो नाही, म्हणून लिहून ठेवतो: त्या बोलण्याचा आमच्या घरात कोणालाच राग आला नव्हता.

साहेब मात्र विशीच्या पुढे गेला. तिशीच्या पुढे गेला. केस पिकायला लागले तेव्हा मी घाबरून डॉक्टरांकडे नेला, तर नवीन डॉक्टर म्हणाले, "हल्ली जगतात हो ही मुलं. साठीपर्यंतही जातात." त्यांना वाटलं मला आनंद होईल. झालाही. पण घरी येताना मी आपल्या पाच घरांचा मनात एकदा हिशोब केला आणि वाटेतच एका ओट्यावर बसलो. ड्रायव्हर, आपण पाचही जण एकाच वयाचे होतो. एका गाडीच्या मागे दुसरी म्हणून आपण ज्या गाड्या उभ्या केल्या, त्या सगळ्या एकाच सालच्या. कंपाउंडर गेला, त्याची मुलगी चुलत भावाकडे आहे, तिथे तिला फोनवर बोलू देत नाहीत. मास्तर अंथरुणावर आहेत. ते, मास्तरीणबाई आणि त्यांचा मुलगा, तिघंही मुलीकडे राहतात, गॅलरीच्या खोलीत. पाचव्या घराचा तर पत्ताही माझ्याकडे राहिला नाही. शेवटी उरलेलं घर म्हणजे मी, ज्याला स्वतःची चिकटपट्टी लावायला आता वेळ लागतो.

केंद्र तू ओळखणार नाहीस. रंग दिलाय, आरसे लावलेत, लहान मुलांसाठी मऊ फरशी आहे. नवीन आईबाप चांगले शिकलेले आहेत. बाळ महिन्याचं होत नाही तोच ते व्यायामाला आणतात, बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, पोहणं आहे, मोठ्या मुलांना दुकानात नोकरी लावून देतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, खोटं नाही लिहीत. फक्त चाळिशी ओलांडलेल्याचं काय करायचं हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी कधी असा माणूस पाहिलेलाच नाही. पाहिला तो साहेबच.

मागे त्यांचा कुटुंबमेळावा झाला. तिथल्या प्रमुख ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही दोन शब्द बोला. नव्या आईवडिलांना जरा उमेद वाटू दे." मी उभा राहिलो. साहेब शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला कसा शिकला ते सांगितलं. एकदा त्याने एका बाईंचा झगा चौकातल्या पोलिसाला नेऊन दिला आणि पोलिसाने निमूट घेऊन ठेवला, तेही सांगितलं. लोक हसले. मग मागच्या रांगेतला एक तरुण बाप उठला. खांद्यावर बाळ झोपलेलं. म्हणाला, "काका, तुमच्यानंतर यांना कोण?" त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली. ताईंनीही खाली बघितलं. मी म्हणालो, "त्याची सोय झालीय." टाळ्या वाजल्या. साहेबही वाजवायला लागला आणि नेहमीप्रमाणे सगळे थांबल्यावर थांबला. सोय कसली, ड्रायव्हर? त्या बापाचा चेहरा असा सैल झाला की मला ते परत घेता येईना.

साहेबाला तेव्हा आधीच विसरायला व्हायला लागलं होतं. आधी शर्ट उलटा घालू लागला. मग काळ्या पायपुसण्यावर पाय टाकेना, त्याला तो खड्डा वाटायचा. हँगर हातात घेऊन नुसता उभा राहायचा. डॉक्टर म्हणाले, डाउन असलेल्यांना म्हातारपणाचं विसरणं लवकर गाठतं, आपण काही करू शकत नाही. म्हणजे मुलगा बापाच्या आधी म्हातारा झाला. एकदा मी बाहेरून आलो तर मला ओळखलंच नाही. पण शिस्त सोडली नाही हो. मला खुर्ची दाखवून म्हणाला, "बसा. टेलर येतील आता." मी बसलो. दुसरं काय करणार? बसून राहिलो, तर मला म्हणाला, "उशीर होतो त्यांना. माणूस चांगला आहे."

मग एका सकाळी त्याला आंघोळ घालताना त्याचा तोल गेला आणि मी धरायला गेलो तर दोघंही पडलो. तो माझ्या अंगावर. मला त्याला उचलता येईना आणि त्याला उठायचं कसं ते आठवेना. शेजारचा लोहार जाळीच्या खिडकीतून ओरडणं ऐकून आला, म्हणून निभावलं. ही गोष्ट केंद्रात कळली. ताईंनी मला बसवून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, साहेबांना आता दोन माणसं लागतात. माझ्याकडे एकच बाई आहे, आणि ती पंधरा पोरं बघते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांनाच धीर देऊन घरी आलो. घरी मदतीला बाई ठेवून पाहिली, ती दोन दिवसांत निघून गेली. अशी माणसं कायमची ठेवून घेणाऱ्या खूप ठिकाणी ताईंनी विचारलं. कोणी म्हणतं वय जास्त, कोणी म्हणतं विसरणारा नको, कोणी म्हणतं डाउनचा नको. एकच जागा हो म्हणाली. ती तुझ्या शहरात आहे.

मी बघून आलो. साहेबाला लोहाराच्या घरी ठेवून पहाटेच्या गाडीने गेलो आणि संध्याकाळी परतलो. मोठी इमारत आहे, मागे बस डेपो. लांब हॉल, दोन्ही बाजूंनी खाटा, टीव्ही इतका वर लावलाय की बघायला मान दुखेल. वाईट माणसं नाहीत. पण कपडे सगळ्यांचे एकत्र धुतात आणि ज्याला जे येईल ते घालतात. मी विचारलं, माझ्या मुलाचे कपडे वेगळे शिवलेले आहेत, तर? धुणारी बाई म्हणाली, "बाबा, इथे सगळे सारखेच." म्हणजे त्याची पॅन्ट भलताच कोणी घालणार आणि तो दुसऱ्याच्या लांब पॅन्टमध्ये अडकून पडणार. तरी मी शिवतोय. हाताला दुसरं काही सुचत नाही.

तिथे मी एक गोष्ट पाहिली. दाराजवळच्या खाटेवरचा माणूस स्वच्छ दाढी केलेला, चादर बदललेली, नखं कापलेली. त्याच्या शेजारचा तसाच, त्याच वयाचा, पण नखं वाढून वळलेली. मी काम करणाऱ्या मुलीला विचारलं, हा असा का आणि तो तसा का. ती सहज म्हणाली, "यांच्याकडे बहीण येते ना." एवढंच. त्या मुलीला कोणी तसं शिकवलेलं नव्हतं, तिच्या मनात पापही नव्हतं. ज्याच्याकडे माणूस येतं तिकडे हात आधी जातो.

परतीच्या गाडीला वेळ होता. मी तुझ्या गल्लीत आलो होतो. तू बाहेरच होतास, नळीने झाडांना पाणी घालत होतास, आणि वहिनी दारातून तुला कुंडी दाखवत होत्या. पाठ वाकलीय तुझी. मी कोपऱ्यावरच्या दुकानाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. तुमचं सगळं इतकं शांत दिसत होतं.

गाडीत बसल्यावर मला आपली खरी चूक दिसली. एकाच वयाचे होतो ती नव्हे, त्याला कोणाचा इलाज नव्हता. आपण मुलांना मुक्काम शिकवला, पण एकाच रात्रीचा शिकवला. शनिवारी जायचं, रविवारी सकाळी बाप येतो, पिशवी भरून दाराशी बसायचं. इतकी वर्षं आपण ते चुकू दिलं नाही. पाऊस असो, ताप असो, रविवारी आपण हजर. आपल्याला वाटलं, पोरं सोडून राहायला शिकतायत. ती शिकली ते उलटंच, की सोडून गेलेला माणूस उद्या येतो. साहेब बाकी सगळं विसरलाय. माझं तोंड विसरतो, आईचं नाव विसरला. पण या फेरीच्या आधी, मागच्या महिन्यात त्याला एक रात्र लोहाराकडे ठेवला होता, तर सकाळी पिशवी मांडीवर घेऊन बूट घालून दाराशी बसलेला. तिथेही तो तसाच बसणार. आणि मी येणार नाही. प्रवास आता मला झेपत नाही, त्या एका दिवसाने मी आठवडाभर पडून होतो, आणि छातीचं डॉक्टरांनी जे सांगितलंय ते मी इथे लिहीत नाही.

आता पत्र का लिहिलं ते. तिथल्या मुख्य बाईंचा नियम आहे की त्याच शहरात घरचं कोणीतरी हवं. दवाखान्यात न्यावं लागलं तर यायला, आणि शेवटचं काही झालं तर ताब्यात घ्यायला. नसेल तर त्या घेत नाहीत. मी त्यांना सांगितलं, मुलाचे सख्खे काका इथेच राहतात. तुझं नाव सांगितलं, नंबर दिला. तुला न विचारता दिला, कारण विचारलं असतं तर तुला नाही म्हणावं लागलं असतं आणि ते बरोबरच ठरलं असतं. सोमवारी त्या तुला फोन करणार आहेत, आणि तू हो म्हणालास तर लोहार आणि मी साहेबाला बुधवारी पोचवू. त्याला घरी नेऊ नकोस. वहिनींना सांगायचं की नाही ते तूच ठरव. जमलं तर एखाद्या रविवारी सकाळी जाऊन ये. तो तुला ओळखणार नाही. त्याच्या बाजूला बस, नखं बघ, आणि काम करणाऱ्या मुलीला दिसशील असा थोडा वेळ थांब. हे तुझ्याच्याने होईल असं मला खरं तर वाटत नाही. नाही झालं तर मला कळवू नकोस, मी समजेन की तू जातोस. पण फोनवर तेवढं हो म्हण. त्या विचारतील, आपण पेशंटचे कोण? तेव्हा लगेच उत्तर दे. उत्तर द्यायला वेळ लागला की त्यांना कळतं.

तुझाच,
टेलर